जानरावांच्या वाटीतल्या गुंजा

माझे सासरे जानराव, आमचे मामाजी, कधी शाळेत गेले नव्हते. दर्यापूरजवळ आमची भाजीची वाडी होती. बाजाराला माल निघाला की ते टोपल्यामागे ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकत. संध्याकाळी वाटी उपडी करून मोजत. एक टोपलं कधी इकडचं तिकडं झालं नाही.

साठीला आले तेव्हा त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. घरात कोणाला बोलले नाहीत. वाफ्याला पाणी देता देता मधेच फावडं टाकून धुऱ्याच्या बांधाआड जायचे, आणि घामेघूम होऊन परत यायचे. एक दिवस लघवी पार अडली, तेव्हा माझ्या मालकांनी त्यांना लहान रुळांच्या आगगाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून पुढं अमरावतीला नेलं. जगातली दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली, तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. प्रोस्टेट म्हणतात तिला. कर्करोगाची आहे. रेडियम नावाची वस्तू बारीक नळीतून गाठीजवळ ठेवून किरण देता येतात. पण इलाज नवा आहे. किती तास ठेवावं, हे आम्हीही अजून शिकतोच आहोत. कबूल असेल तरच करू."

मामाजी म्हणाले, "आमी बी नवं बियाणं आंधी एका वाफ्यात लावून पायतो. यंदाचा तो वाफा मी, असं समजा."

डॉक्टर हसले, पण त्यांची एक अट होती. रोज किती वेळा लघवीला गेले, जळजळ किती, रक्त आलं का, ते वहीत लिहून दर पंधरा दिवसांनी टपालानं कळवायचं. त्यावरून पुढचे तास ठरणार होते; रक्त आलं तर किरणांनी आत भाजलं असं समजून तास कमी करायचे.

पहिल्या खेपेला सहा तास रेडियम ठेवलं आणि आठव्या दिवशी घरी सोडलं. मालक आठवड्यातले चार दिवस माल घेऊन अकोल्याला असत. लिहिणारं माणूस उरलं ते मीच, मराठी चौथी पास. पण सासऱ्यानं सुनेला असलं सांगायचं कसं? लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी मी त्यांच्याशी सरळ बोलले नव्हते. भाकर झाली हे सुद्धा मी दाराला सांगायची, "ताट वाढलं म्हणा."

वाट त्यांनीच काढली. मला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, "गंगू, ओट्यावर वाटी ठेवतो मी. दर येळेले एक ज्वारीचा दाणा. जळलं तर तुरीचा. अन् रगत आलं तर एक गुंज. सकाळी मोजून लिवत जाय म्हणा तिले."

रोज देवपूजा झाली की मी वाटी मोजून वही लिहायची. ज्वारी चौदा, तूर सहा. पुढं ज्वारी कमी होऊ लागली. गुंज एकदाही दिसली नाही. मी अंबादेवीचं नाव घेऊन पानं टपालात टाकली.

डॉक्टरांचं उत्तर आलं, "रक्त नाही हे उत्तम. शरीर सोसतं आहे. येत्या गुरुवारी या, या वेळी दहा तास ठेवू."

गुरुवारी पहाटे स्टेशनला जायला बैलांची खासर जुंपलेली होती. मी तुळशीला पाणी घालत होते. पाण्यानं माती खचली आणि वर एक लाल गुंज आली. बोटानं उकरलं तर एकेक करत अकरा निघाल्या.

सासूबाई मागंच उभ्या होत्या. "राहू दे व त्या."

"आत्याबाई, हे काय केलं?"

"लिवलं का पक्कं होते, पोरी. पाचवीले सटवाई लिवते अन् तसंच घडते का नाई? मंग त्याइच्या नावानं मी रगत लिऊ देऊ?"

मला राग आला नाही. मी म्हटलं, "सटवाई पुढचं लिहिते, आत्याबाई. मी झालेलं लिहिते."

आणि मूठ तशीच घेऊन खासरीकडे पळाले. डोक्यावरचा पदर कधी पडला, कळलं नाही. "मामाजी, थांबा! या गुंजा वहीत नाहीत!"

मामाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग मुठीकडे बघून म्हणाले, "अकरा हायेत ना? बराबर. मले वाटलं तू लिवल्या असशीन."

"वाटीत नव्हत्याच. मी लिहिलं की रक्त नाही. म्हणून तर दहा तास."

त्यांनी वळून हाक दिली. "अवं गंगू! मले वाचवून राह्यली का भाजून राह्यली व?" सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. ते नरमले. "रडू नको. घरी राय. अन् तू बस वं खासरीत, वही घेऊन. डॉक्टरले तूच सांग."

अमरावतीला मी मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वही दोनदा चाळली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वहीच्या भरवशावर आणखी दोघांना उद्या दहा तास देणार होतो. आता नाही देणार."

मामाजींना त्यांनी महिनाभर विसावा दिला. मग चार तास, पुढं पुन्हा चार. या वेळी वाटीला सासूबाईंनी हात लावला नाही. गुंजा आल्या त्या लिहिल्या, आणि मग यायच्या थांबल्या. दिवाळीपर्यंत ज्वारी पाचावर आली. डॉक्टर म्हणाले, "रोग गेला असं मी म्हणणार नाही. पण चांगला दबला आहे." मामाजींना तेवढं पुष्कळ झालं. वांगी घेऊन ते पुन्हा स्वतः अकोल्याच्या बाजारात बसू लागले. त्यानंतर नऊ वर्षं जगले.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हिवरखेडच्या पुंजारामांना वाटी आणि वही समजून घ्यायला आमच्याकडे पाठवलं. त्यांनाही तोच आजार होता. मी पाणी घेऊन गेले तशी त्यांनी बोलणं तोडलं आणि छताकडे बघू लागले.

"बोल ना गड्या," मामाजी म्हणाले. "ते सून हाये मायी."

"म्हणूनच तं."

"म्हणूनच बोल. किती खेपा होतात दिवसाले?"

पुंजारामांनी पाण्याचा घोट घेतला, कान लाल झाले, आणि हळूच म्हणाले, "सतरा."

मामाजींनी जागा करून दिली. मी घरात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खाली बसले आणि नवी वही उघडली.