अक्काची मेंढरं

अक्का प्रोग्रॅमला मेंढरू म्हणायची. परभणीत आमचं दोघांचं भागीदारीतलं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान होतं. आता ती हैदराबादला असते आणि दुकान मी एकटाच रेटतो. बोरीकडच्या मेंढपाळाच्या घरातली ती. संगणकासमोर बसली तरी बोलणं सगळं माळावरचं. फाइल सापडेना, की गिऱ्हाइकासमोरच म्हणायची, "कुठं चुकलं रे ते मेंढरू?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण समजावून सांगावं तर तिनंच. आरोग्य केंद्रांसाठी आम्ही ईसीजीचं सॉफ्टवेअर केलं होतं. ते मशीन कागद देत नसे. हृदयाचा आलेख संगणकावर उमटायचा आणि तिथून परभणीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचा. आमचा प्रोग्रॅम जावा या संगणकी भाषेतला, एकाच फाइलीत बांधलेला. मशीनची भाषा वाचणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम त्याच्या पोटात. मी तो त्या फाइलीच्या आतच चालवायला बघत होतो आणि तो काही केल्या हलत नव्हता. अक्का म्हणाली, "गजू, ट्रकात उभी असलेली मेंढरं चरतील का? आधी खाली उतरीव." म्हणजे त्याची प्रत आधी बाहेर डिस्कवर काढायची, मग चालवायची. आमचा प्रोग्रॅम बंद होताना ती प्रत पुसायची सोयही तिनंच केली.

कुठलंही काम ती आधी एका जुन्या, आमचं काहीच न भरलेल्या लॅपटॉपवर चालवून बघायची. "आपल्या घरी समदेच शहाणे असतेत, परक्या दारी कळतंय," म्हणायची.

ताडकळसच्या बाजाराचा दिवस होता. जवळच्या एका आरोग्य केंद्रात नव्या नर्सला सॉफ्टवेअर शिकवायला आम्ही गेलो होतो. दुपारी एका म्हातारीला तिच्या मुलानं मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. घामानं चिंब, हात छातीवर. तरुण डॉक्टर म्हणाले, आलेख परभणीला दिसल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. वायरी लावल्या. पडद्यावर 'वाचत आहे' असं आलं आणि सगळं तिथंच थांबलं.

मुलगा दारातून विचारत होता, "काय करायलाय ते मशीन?" मी बंद करून उघडलं, पुन्हा तेच. मी घाबरलो होतो आणि उगाच त्या बिचाऱ्या नर्सवर खेकसत होतो. अक्कानं मला दंडाला धरून उठवलं, स्वतः बसली आणि तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर उघडला. त्या छोट्या प्रोग्रॅमच्या प्रती, एकीखाली एक, संपेचनात. डिस्क काठोकाठ भरली होती. नवी प्रत उतरायला जागाच नव्हती.

का, ते दोघांनाही एकदमच कळलं. आमचा प्रोग्रॅम तिथं कुणी कधी बंद करतच नव्हतं. लाइट जायची आणि तो मरायचा. बॅकअपची बॅटरी केव्हाच गेलेली. मग पुसणार कोण? लाइट आली की पुन्हा नवी प्रत. जिनं शाळेचा अभ्यास कंदिलावर केला, तिच्याच हातून हे सुटलं होतं.

"चूक माझी हाय, डॉक्टर," पुसता पुसता अक्का म्हणाली. जागा झाली, आलेख गेला, परभणीहून फोन आला, इंजेक्शन दिलं, अँब्युलन्स निघाली. म्हातारी वाटेतच गेली.

डॉक्टर म्हणाले, आणलंच फार उशिरा होतं, तेवढ्या वेळानं काही फरक पडला नसता. मी ते धरून बसलो. "अक्का, आता कशाला उकरून काढायचं?"

"डॉक्टरनं त्याचं सांगितलं. माझं मलाच सांगावं लागंल."

दहावं झाल्यावर आम्ही म्हातारीच्या घरी गेलो. तिनं मुलाला काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं, हा आता अंगावर येतोय. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, दुसऱ्या कुणाच्या मायच्या बारीला तरी ते मशीन चालंल का?"

अक्का उठली. दुकानात येऊन तिनं नियमच बदलला: प्रोग्रॅम उघडला की आधी जुन्या प्रती साफ. मग आम्ही सॉफ्टवेअर बसवलेलं एकेक केंद्र पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी चालू संगणकाचा प्लग ती स्वतः ओढायची, पुन्हा लावायची, फोल्डर बघायची. मी वैतागलो, भांडलो. ती ऐकतेय कुठली? शेवटचं केंद्र झालं, तशी म्हणाली, "गाडी त्याच्या घराकडं घे."

म्हातारीचा मुलगा शेतात गेला होता. अक्का ओट्यावर बसून राहिली. त्याच्या बायकोनं दिलेला चहा तसाच गार झाला. तो आला, तशी ती उभी राहिली.

"चालंल," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि बायकोला पुन्हा चहा टाकायला सांगितलं.