झाकणावर ‘तयार’

माझ्या आत्याने कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं बरण्या धुतल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि झाकण उघडं टाकणाऱ्या मास्तरांची नावं निवृत्त होईपर्यंत लक्षात ठेवली.

निवृत्तीनंतर ती गच्चीवर खत करायला लागली. भोकं पाडलेले तीन निळे ड्रम, त्यात भाजीची देठं, वाळका पाला, कुटलेली अंड्याची टरफलं. प्रत्येकात प्रयोगशाळेतला जुना तापमापक खुपसलेला आणि झाकणावर खडूने लिहिलेलं: कच्चं, निम्मं, तयार. त्या खतावर तिची वांगी, मिरच्या, पालक पोसायचे. बाजारची भाजी ती घरात येऊ देत नसे.

गेल्या वर्षी ती आठ दिवस धाकट्या बहिणीकडे गेली. तेवढ्यात इमारतीच्या सेक्रेटरीने ‘वास येतो’ म्हणून तिन्ही ड्रम कचऱ्याच्या गाडीत पालथे केले. अकरा महिन्यांचं खत, गांडुळांसकट. आत्या परत आली, रिकाम्या ड्रमांत डोकावली. रडली नाही. “बघते मेल्याकडे,” एवढंच म्हणाली. माझंही पित्त खवळलं होतं, म्हणून मी तिला आवरलं नाही.

तिने ड्रम पुन्हा भरले. या वर्षी खत तयार झालं आणि रातोरात चार-चार बोटं खाली जायला लागलं. सेक्रेटरीच्या बाल्कनीतल्या कुंड्यांत मात्र अंड्याची टरफलं दिसू लागली. ज्याला वास सोसवत नव्हता तोच चोरून खत नेत होता!

“जाऊन भांड ना त्याच्याशी,” मी म्हटलं.

“भांडले तर नाही म्हणेल. त्याच्याच तोंडून वदवून घेते.”

तिने कोंबडीवाल्याकडून ताजी विष्ठा आणून ‘निम्मं’ लिहिलेल्या ड्रममध्ये कालवली. तापमापक साठवर गेला. मग तिने झाकणावरचं ‘निम्मं’ पुसलं आणि ‘तयार’ लिहिलं; खऱ्या ‘तयार’वर ‘निम्मं’. काळं दिसलं की खत झालं, असं समजणारे पुष्कळ असतात. ते आत किती तापलंय हे कुणी हात घालून बघत नाही. सेक्रेटरीनेही बघितलं नाही.

दहा दिवसांत त्याच्या कुंड्या करपल्या आणि त्याने सभा बोलावली. विषय एकच: आत्याचे ड्रम कायमचे हलवायचे. आत्या पहिल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती.

“हे खत नाही, विष आहे!” तो ओरडला. “माझं एकेक झाड जळालं त्यानं!”

“अरे,” आत्या शांतपणे म्हणाली, “तुझ्या कुंड्यांत माझं खत आलं कसं? मी तर तुला चमचाभरही दिलं नाही.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. चोराच्या उलट्या बोंबा सगळ्यांनी ऐकल्या होत्या. ड्रम राहिले, शिवाय गच्चीची किल्ली आत्याकडे आली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला. “काकू, बाकीचं जाऊ दे. पण त्यात आईचा मोगरा होता. ती गेल्यावर तिची तेवढीच आठवण राहिली होती.”

मला वाटलं, आता ही विरघळणार.

“आणि माझी गांडुळं?” आत्या म्हणाली आणि तिने दार लावलं.

त्या मोगऱ्याची एक फांदी त्याच्या आईने फार पूर्वी आत्याला दिली होती. ती आता गच्चीवर कमरेएवढी झाली आहे. इतक्यांदा खत न्यायला आलेल्या त्याला ते झाड ठाऊक नसेल, असं होणार नाही.

“एक फांदी लावून दे की त्याला,” मी म्हटलं.

“त्याच्या आईने मला न मागता दिली होती. त्याला मागावी लागेल. आधी माफी, मग फांदी.”

तो अजून आलेला नाही. आत्या रोज सकाळी ओंजळभर मोगरा खुडते आणि लिफ्ट चालू असली तरी जिन्याने, त्याच्या दारावरून खाली येते.