कुसाकाकूंचा हिरवा झेंडा

कुकरची दुसरी शिट्टी झाली, डब्याची भेंडी कढईत होती आणि दार वाजलं. बेल असताना दार ठोठावणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरचे जयरामकाका. दारात अनवाणीच उभे होते.

"योगिनीताई, जरा येता का? महेश दुपारी टेम्पो घेऊन येतोय."

महेश त्यांचा मुलगा. घर रिकामं करून काकांना पुण्याला न्यायचं ठरलं होतं. मी गॅस बंद केला.

त्यांच्या हॉलमध्ये पलंगाएवढ्या प्लायवूडवर लासलगावचा मालधक्का आहे. काका रेल्वेत शंटिंगचे ड्रायव्हर. नोकरीभर जिथे डबे इकडचे तिकडे केले, ती जागा त्यांनी निवृत्तीनंतर घरात मांडली. धक्क्याचं छप्पर, कडुनिंब, चिंचोक्यांवर गोणपाट चिकटवलेल्या कांद्याच्या गोण्या. ही गोल फिरणारी खेळण्यातली आगगाडी नव्हे. मेन लाईनवरचा एकेक डबा काढून साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, धक्क्याशी लावायचा, एवढाच खेळ. काका या टोकाला बटणापाशी बसत, त्या टोकाला कुसाकाकू झेंडा घेऊन उभ्या. झेंडा हलल्याशिवाय इंजिन हलायचं नाही.

"जन्मभर डबे ढकलले, आता घरातही तेच," काकू हसत म्हणायच्या. झेंडा मात्र वेळेवर हलायचा.

आज सगळ्यावर धूळ होती. एक डबा रूळ बदलायच्या सांध्यावर अडकलेला, अर्धा मेन लाईनवर, अर्धा साइडिंगला. श्रावणापासून तसाच.

"त्या दिवशी झेंडा दिसेनासा झाला," काका म्हणाले. "खूण दिसली नाय की थांबायचं, हाताला सवयच हाय. थांबलो. नजर डब्यावर. वरडलो, अगं, झोपली का काय? वाट बघत बसलो. वर बघितलंच नाय."

काकू प्लायवूडच्या पलीकडे फरशीवर पडल्या होत्या. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

महेशचंही काही चुकत नव्हतं, त्याच्या दोन खोल्यांत हे मावणार कुठे? प्लायवूड भंगारात जाणार होतं. काकांनी त्याला एका शब्दानं अडवलं नव्हतं. अडवण्याइतकंही त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

"काका, मग तुम्हीच लावून टाका ना तो डबा. बटण तुमच्याच हातात आहे."

"रोज बसतो सकाळी. बोट बटणावर ठेवतो. नाय हलत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ड्रायव्हरनं स्वतःच स्वतःला झेंडा दाखवायचा का, ताई?"

त्यांनी उशीखालून झेंडा काढला. काकूंच्या पोपटी ब्लाउजपिसाचा, विणकामाच्या सुईला शिवलेला. तो माझ्या हातात दिला आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

"मेन लाईनवर डबा सोडून मला जायचं नाय. तिथं, तिच्या जागी उभं राहून एकदा हिरवा दाखवा."