शाहपूरची केळी आणि रिकाम्या वाघिणी

पुण्याहून निघताना माझ्या ट्रंकेत दोन धोतरे, एक लोकरी बंडी आणि कापसावर मीच लिहिलेल्या लेखांची कात्रणे होती. कात्रणे कशासाठी घेतली होती ते आज नीटसे सांगता येत नाही. बऱ्हाणपुरात कुणी मागितली तर जवळ असावीत, असे मनात असावे. कुणी मागितली नाहीत.

कोरियात लढाई चालू होती आणि इराणात तेलाचा तंटा पेटला होता, ते हे दिवस. रबर, कथील, लोकर, कापूस, सगळ्यांचे भाव उड्या मारत होते आणि पुण्याच्या एका साप्ताहिकात मी त्या उड्यांची कारणे सांगत असे. भाव चढला की लढाई वाढण्याच्या भीतीने चढला, उतरला की लढाई थांबण्याच्या आशेने उतरला. या दोन वाक्यांवर माझा संसार बरा चालला होता. एके दिवशी संपादक म्हणाले, "तुम्ही कापसावर इतकं लिहिता, एकदा कापूस पाहून या." मला हा बहुमान वाटला. टोमणा होता हे कल्याण ओलांडल्यावर लक्षात आले.

भुसावळला गाडी बदलली. पुढची गाडी मधल्या स्टेशनांवर उगाच थांबत होती. ड्रायव्हर खाली उतरून सांगे की कोळसा हलका आहे, वाफ धरत नाही. डब्यातल्या एका इंदूरच्या गृहस्थांनी मला विचारले, "आमचं संस्थान विलीन झालं, तेव्हा म्हणाले सगळा देश एक झाला. मग कोळसा तेवढा कुठे अडला?" याचे कारण मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितले. ते झोपी गेले.

बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात माझी आतेबहीण कमलताई राहते. तिचे यजमान वसंतराव शाळेत मास्तर आहेत. रॉकेल मिळत नसल्याने त्यांच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणे उरकत. मी पोचलो तेव्हा ऊन होते आणि पाट मांडलेले होते. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेवटी मावा जिलबी. ही जिलबी खव्याची, काळसर, बोटभर जाड आणि पाकात बुडालेली असते. मी ती आपल्याकडच्या जिलबीच्या हिशेबाने खाल्ली. रात्रभर पोट धरून बसलो तेव्हा ताई अंधारातूनच म्हणाली, "अरे, ती एक खायची असते."

दुसऱ्या दिवशी वसंतरावांबरोबर कापसाच्या बाजारात गेलो. बाजार बंद होता. भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा होऊ लागल्यापासून व्यापाऱ्यांनी सौदेच थांबवले होते. पेढीवर गाद्या रिकाम्या आणि मालक चहा पीत बसलेले. मी वर्तमानपत्राचा माणूस आहे हे कळताच एका वृद्ध शेठजींनी मला जवळ बसवून घेतले आणि हळूच विचारले, "साहेब, लढाई थांबणार की चालणार?" पेढीवरचे सगळे जवळ सरकले. हा प्रश्न मी दर आठवड्याला स्वतःच विचारून स्वतःच सोडवत आलो होतो. पण समोर बसलेला माणूस माझ्या उत्तरावर माल विकणार किंवा ठेवणार, हे कळल्यावर मी आधी चष्मा काढून पुसला. मी म्हणालो, "दोन्ही शक्य आहे." शेठजींनी माझ्यासाठी मागवलेला चहा आला तो मला लवकर संपवावासा वाटला.

बाजार बंद, तर निदान झाडावरचा कापूस पाहावा म्हणून शाहपूरच्या बसमध्ये बसलो. पेट्रोल मिळेना म्हणून मालकाने मागच्या महायुद्धातला कोळशाच्या गॅसचा बंब पुन्हा काढून बसच्या पाठीला लावला होता. क्लीनर हाताने पंखा फिरवून तो फुलवत असे, तेव्हा कुठे बस चाले. पहिल्याच चढाला तिने मान टाकली. बायका, म्हातारे आणि बोकड आत राहिले, बाकीच्यांनी उतरून ढकलायचे. मी मोठ्या उत्साहाने नेमका बंबामागे उभा राहिलो. बस सुरू झाली तेव्हा माझे तोंड, बंडी आणि चष्मा एकाच रंगाचे झाले होते.

जागेवर परत बसलो तर शेजारच्या बाईंनी न हसता आपल्या पदराचे टोक पुढे केले. "पुसा." पन्नाशीच्या, उंच, हिरवे लुगडे, कपाळावर आडवे कुंकू. बाजूला त्यांचे धाकटे दीर पागोटे मांडीवर घेऊन बसले होते. बाई त्यांना म्हणत होत्या, "तुळशीराम, उद्या बी वाघीन नाही आली तं मी तिथंच बसून राह्यते."

मी खिडकीबाहेर पाहिले. दूरवर सातपुड्याच्या रेषा दिसत होत्या. "इकडे वाघीण वस्तीत येते का?" मी विचारले.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मग तुळशीराम समजुतीने म्हणाले, "मालगाडीची वाघीन, साहेब. डब्बा."

बाजारभावांच्या लेखांत 'वाघिणींची टंचाई' हे शब्द मी किमान डझनभर वेळा वापरले असतील.

सुभद्राबाई हे बाईंचे नाव. शाहपूरला त्यांची केळीची मोठी बाग होती आणि यजमान गेल्यापासून ती त्याच पाहत. दिल्लीच्या व्यापाऱ्यासाठी डबे मंजूर झाले म्हणून त्यांनी घड कापले आणि बैलगाड्यांनी बऱ्हाणपूर स्टेशनात आणून टाकले. मग डबे कोळसा आणि धान्य वाहायला गेले. ट्रकला पेट्रोल नव्हते. माल स्टेशनाच्या आवारात केळीच्या पानांखाली पडून होता. थंडीमुळे अजून तग धरून होता, पण किती धरणार?

"तुमी पेपरवाले ना?" माझा धंदा ऐकून त्या म्हणाल्या. "मंग टेसनाच्या साहेबाले सांगा. आमचं कोनी आयकत नाही."

मी होकार दिला. काळे तोंड पुसायला ज्यांचा पदर वापरला त्यांना नाही म्हणणे जमले नाही. शाहपूरला त्यांच्या ओसरीवर भाकरी आणि भरीत खाल्ले आणि दुपारच्या बसने त्यांच्याबरोबर परत फिरलो. बसमध्ये त्यांनी विचारले, "कोरिया कुठं हाय?" मी सांगितले. "ते केळी खातात का?" मी म्हणालो, बहुधा नाही. "मंग आमच्या डब्ब्यानं त्यांचं काय केलं?" मी जहाजांपासून सुरुवात केली. जहाजे, मग धान्य, मग कोळसा. पुढच्या चढाला बस बंद पडली आणि मी ढकलायला आनंदाने उतरलो.

स्टेशनमास्तर दमलेले गृहस्थ होते. मी साप्ताहिकाचे नाव सांगितले, ते त्यांनी ऐकले नव्हते. मी आवाज चढवला. देशाची अर्थव्यवस्था, शेतमाल, जबाबदारी असे बरेच बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाईसाहब, वैगन मेरी जेब में नहीं है." आणि खिसा उलटा करून दाखवला. त्यात एक सुपारी होती. ती त्यांनी मला दिली.

सुभद्राबाई बाहेर घडांच्या ढिगाशी बसल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावरूनच समजल्या. केळ्यांची एक फणी उचलून त्यांनी देठाजवळ बोट दाबून पाहिले आणि माझ्या हातात ठेवली. हिरव्यात कुठेकुठे पिवळे दिसू लागले होते. "खा," त्या म्हणाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही आणि या खेपेला जिलबीचा दोष नव्हता.

दुसऱ्या सकाळी मी पुण्याला निघालो. पळ काढला म्हणणे जास्त बरोबर होईल. आवारातून न जाता मागच्या वाटेने फलाटावर आलो. कोळशापायी गाड्यांचे वेळापत्रक कोलमडले होते. समोर एक पॅसेंजर उभी होती, लोक धावत होते, मीही चढलो. "भुसावळ का?" असे एका म्हाताऱ्याने विचारले तेव्हा मीच त्याला छातीठोकपणे "हो" म्हणालो. गाडी सुटली. थोड्या वेळाने डोंगरावर भला मोठा किल्ला दिसू लागला. येताना हा कसा दिसला नाही, झोप लागली असावी, असे म्हणत मी त्याचे वर्णन लिहायला घेतले. किल्ला अशीरगड होता, तो भुसावळच्या उलट दिशेला आहे, आणि हे मला त्या म्हाताऱ्याने सांगितले. तो शांत होता. त्याला कुठे जायचीच घाई नव्हती. मी मात्र पुढच्या मोठ्या थांब्यावर, नेपानगरला, उतरलो.

तिथे जंगल तोडून कागदाची गिरणी उभी राहत होती. सागाच्या रानात मधेच लोखंडाचे सांगाडे आणि मुंबईहून आलेल्या यंत्रांच्या प्रचंड पेट्या. परतीची गाडी केव्हा हे कुणाला ठाऊक नव्हते. मालधक्क्यावरच्या कारकुनाने, देशपांडे नावाच्या नागपूरकराने, मराठी ऐकून मला चहा पाजला. समोर बाजूच्या रुळांवर मालडब्यांची लांब रांग उभी होती, दारे सताड उघडी, आत काही नाही.

"यांत काय भरतात?" मी विचारले.

"काही नाही. यंत्रं उतरली, आता हे रिकामे मुंबईकडे जातील."

"रिकामे?"

"मागणी असल्याशिवाय कोण भरणार?"

मी ताबडतोब कागद काढला. एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे रिकामे डबे, केवढा लेख होता. 'नियोजनाचा अभाव' असा मथळा दिला आणि पाऊण पान झरझर लिहून काढले. त्यात उदाहरण म्हणून एखादा नाशवंत माल घालावा म्हणून 'केळी' असा शब्द लिहिला, तेव्हा माझा हात थांबला. आधी लेख सुचला आणि केळी मागाहून, हे मी कमलताईलाही सांगितलेले नाही.

बाईंची हकीकत मी सांगताच देशपांड्यांनी गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या भुसावळच्या कंट्रोलला फोन लावला. तिकडून सांगण्यात आले की मागणी बऱ्हाणपूरच्या मास्तरांनी नोंदवली पाहिजे आणि डबे मुंबईकडेच जातील, दिल्लीकडे वळणार नाहीत. मग बऱ्हाणपूर लागले. काल खिसा उलटा करणारे मास्तर आज फोनवर ओरडत होते, "रोको उनको, मैं अभी लिखवाता हूँ." काल त्यांच्याकडे डबे नव्हते, एवढेच. मी उगाच त्यांना पाषाणहृदयी ठरवले होते.

रिकाम्या गाडीच्या गार्डने मला आपल्या डब्यात घेतले. बऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा सुभद्राबाई फलाटावर उभ्या होत्या. त्यांना बातमी कळली होती, पण चेहरा मोकळा नव्हता.

"दिल्लीच्या शेठले मी वळखते," त्या म्हणाल्या. "मुंबईत आपलं कोन हाय?"

"पण दिल्लीपर्यंत माल टिकणार नाही, वहिनी," तुळशीराम म्हणाले.

"तिथं कोनी आपल्याले ठगलं तं?"

हमाल डब्यांकडे आणि बाईंकडे आळीपाळीने पाहत होते. मास्तर घड्याळाकडे पाहत होते. वर्षभराची बाग त्या आवारात पडली होती आणि सगळा निर्णय एकट्या बाईवर होता. मला ते पाहवेना. मी म्हणालो, "मुंबईत मी आहे." वास्तविक मुंबईत माझ्या ओळखीचे एक दूरचे चुलतसासरे होते आणि ते होमिओपॅथीची औषधे देत.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. "मंग तुळशीरामासंगं तुमी जा."

अशा रीतीने मी केळ्यांबरोबर मुंबईला गेलो. घड भरायला मीही हात लावला, तेव्हा हमालांनी मला दोनदा बाजूला केले. पिकून गेलेले घड बाईंनी निवडून वेगळे काढले. तो ढीग काही लहान नव्हता. तो त्यांनी हमालांना, टांगेवाल्यांना आणि वसंतरावांच्या शाळेला वाटून टाकला. वाटताना त्या कुणाकडे पाहत नव्हत्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी मला हात जोडले आणि मला पहिल्यांदाच माझ्या शब्दाची भीती वाटली.

मुंबईच्या बाजारात माझा काहीही उपयोग झाला नाही. मी एका दलालाशी घासाघीस करायला गेलो तर त्याने मलाच केळी विकायचा प्रयत्न केला. तुळशीराम मात्र बराच वेळ नुसते फिरले, लोकांची बोलणी ऐकली, आणि एका खानदेशी अडत्याकडे माल दिला. भाव दिल्लीसारखा आला नाही, पण बाग वाया गेली नाही. "वहिनी दोन दिवस बोलनार नाही," ते म्हणाले, "पन तिसऱ्या दिवशी कांदेबागाचं, म्हंजे पुढच्या लागनीचं, बोलनं काढील." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिले.

गाडीला वेळ होता. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून धक्क्याच्या बाजूला गेलो. करड्या रंगाची मोठी जहाजे उभी होती.

"हीच का कोरियाले जानारी?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

तुळशीराम पागोटे काखेत धरून उभे राहिले. मग त्यांनी विचारले, "तिकडे माल घेऊन जातात. मंग येताना रिकामी येतात, का मानसं आनतात?"

मी तोंड उघडले, कारण उत्तर देण्याची मला सवय आहे. मग मिटले. आम्ही परत फिरलो. ते भुसावळच्या गाडीत बसले, मी पुण्याच्या.

घाट चढताना मी त्या सगळ्याचा विचार करत होतो. मी शहाणपणाने केलेली प्रत्येक गोष्ट फसली होती आणि जी एक जमली ती चुकीच्या गाडीत बसल्यामुळे. जगाची उलथापालथ मला आजवर तारांतून आणि आकड्यांतून कळत आली होती. शाहपूरच्या एका बाईच्या बोटाखाली देठ मऊ लागतो की नाही, इतक्या जवळ ती येते हे मी पाहून आलो होतो. हे लिहायचे ठरवून मी लिहायला बसलो. संपादक म्हणाले, प्रवासाचे नंतर पाहू, आधी या आठवड्याचे सदर द्या. तेव्हा भाव उतरणार असे लिहून दिले. ते चढले. शाहपूरला आमचे साप्ताहिक जात नाही, याचे मला प्रथमच बरे वाटले.