मुखेडच्या पोरीचा लॅपटॉप

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही – आणि तिच्यापुढं तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट माहीत नाही.

लातुरात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेल्या हार्डडिस्कमधून लोकांचा डेटा काढून देतो. त्या कामात माझं नाव आहे, आणि मला त्याचा माज होता. होता कशाला म्हणू – आहेच.

तीन वर्षांमागं मुखेडकडचे एक काका आले. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. पोरीचा. पोरगी इथं लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची, सुट्टीत गावी गेली, डेंग्यूनं चार दिवसांत गेली. मला वाटलं, फोटो हवे असतील. पण काका खाली बघत म्हणाले, "भाऊ, ती घरी आली की दार लावून कोणासंगं तरी बोलायची. हसायची. भिंतीपलीकडच्यांनी ऐकलंय. गावात लई वंगाळ बोलतेत. तिची माय म्हणती, ती अभ्यासच आवाजात भरून ठेवायची यात. तेवढं खरं का खोटं कळू द्या."

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा – टकटक करणारी डिस्क आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. मग बघायचं. ती किती वेळ जगेल याचा भरवसा नसतो. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शहाणपणानं सांगतो.

आणि मी काय केलं? डिस्क चालू झाली, आवाजाच्या फाइली दिसल्या, आणि मी एक लावली. नुसतं ऐकू म्हटलं.

दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. पोरीचा आवाज आला – बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? मग शांतता. नुसती डिस्कची टकटक. आणि मग, "बरोबर!" आणि हसू. पुन्हा प्रश्न, पुन्हा शांतता, पुन्हा बरोबर. स्वतःला प्रश्न विचारून उत्तरापुरती जागा सोडलेली होती तिनं. नंतर लावून ऐकायचं, आणि त्या जागेत आपण उत्तर द्यायचं – अशी तिची रीत.

मी उत्तर दिलं. चार, म्हणालो. "बरोबर!" म्हणाली ती. बेडकाला तीन असतात, हे मला मागाहून कळलं.

अंगावर काटा आला, तरी बंद केलं नाही. का नाही केलं? देवाशप्पथ, सांगता येत नाही. दुसऱ्या दुपारी पुन्हा लावलं. तिसऱ्या दुपारीही. कॉपी उद्या करू, म्हणायचो. गेलेल्या पोरीच्या प्रश्नांना मी एकटा बसून उत्तरं देत होतो, आणि खरं सांगू – मला ते आवडायला लागलं होतं. एका फाइलीत प्रश्नानंतरची शांतता लांबतच गेली. मी गप्प. मला येतच नव्हतं. आणि ती एकदम म्हणाली, "झोपलीस का गं? बोल की!"

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग कळलं, स्वतःलाच दटावत होती बिचारी. झोपलीस का, *गं*. त्या बंद दारामागं दुसरं कुणी नव्हतंच.

पाचव्या दिवशी डिस्क फिरायची थांबली. कॉपी एकाही फाइलीची नव्हती.

काका आले. मी म्हणालो, डिस्क आणली तेव्हाच गेलेली होती. त्यांनी विचारलं, आवाज? मी म्हणालो, काहीच निघालं नाही. डिस्क मेली ती मेली – पण मी ऐकलं होतं ना? एवढं म्हटलं असतं, "काका, तिची आई बरोबर सांगते," तरी पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, ऐकलं तर आता कुठं गेलं? आणि माझं नाव गेलं असतं. माझं नाव!

काका चिडले नाहीत. उलट म्हणाले, लई कष्ट घेतले तुम्ही. मग काउंटरशी उभं राहूनच त्यांनी घरी फोन लावला. "न्हाई निघालं काही," म्हणाले. "आता लोकं म्हणतेत तेच खरं धरायचं. आन् तिच्या नावानं माझ्यासमोर रडू नको."

फोनमधून त्या बाईचा आवाज येत होता. ती काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती. काकांनी फोन बंद केला.

मी तिथंच होतो, दोन हातांवर. लॅपटॉपचं झाकण लावत होतो. सगळे स्क्रू नीट बसवले, टॉवेलात गुंडाळून दिला.

पावतीबुकात त्यांचा नंबर आहे, गावाचं नाव आहे. मुखेडला इथून बस जाते. मी गेलेलो नाही.