केळीचे खांब चालले, नात चालली नाही

माफ करा मंडळी, लिहायला फार उशीर झाला. गोष्ट मागच्या महिन्यातली आहे, पण राग इतका होता की मोबाईल हातात घेतला की भलतंच लिहिलं जायचं. सून म्हणाली, "बाबा, आधी शांत व्हा, मग लिहा." शांत काही झालो नाही, तसाच लिहितोय.

आमच्या बुऱ्हाणपूरला नातीच्या शाळेत एक पाहुणी येणार होती. देशाकडून कबड्डी खेळलेली, खानदेशातली मुलगी. तिला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही.

शाळेतून निरोप आला, फाटकाला केळीचे खांब पाहिजेत. आमच्याकडे लग्नाकार्याला लावतात तसे, घडासकट. मी शेतातले दोन उत्तम खांब तोडले... घड अजून भरायचे होते, मुलगा कुरकुरला, तरी तोडले. ट्रॅक्टरवर घालून स्वतः नेऊन उभे केले.

संध्याकाळी नात कोमल घरी आली आणि कोपऱ्यात बसली. ती आठवीत आहे, गणितात कच्ची. मोठ्या सरांनी तिच्यासारख्या मुलांना सांगितलं होतं, उद्या तुम्ही येऊ नका. पाहुणीने काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर शाळेची लाज जाईल!

म्हणजे माझी केळी चालतात, माझी नात चालत नाही? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बीपीची गोळी घेतली की नाही, तेही आठवेना.

सकाळी कोमलला गणवेश घालायला लावला आणि शाळेत घेऊन गेलो. चौकीदार आत सोडेना. मग आम्ही दोघं फाटकाबाहेर, आमच्याच खांबाला टेकून उभे राहिलो. कोमल सारखी म्हणे, "आजोबा, चला ना घरी, सर रागावतील." भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू... शाळेतून नाव कापलं तर?

तेवढ्यात गाडी आली. ती ताई उतरली, तर हाराकडे बघेचना, खांबाकडे बघत राहिली. "अरे वा, घडासकट! हे कुणी आणले?"

मोठे सर हसत म्हणाले, "आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी."

"कुठे आहे ती?"

"ती... आज गैरहजर आहे."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी ओरडलोच. "गैरहजर कशी? ही काय उभी आहे! तुम्हीच येऊ नको म्हणालात!"

मोठ्या सरांचा चेहरा पडला.

ताईने कोमलचा हात धरला आणि तिला आत नेऊन स्वतःशेजारी बसवलं. मलाही खुर्ची दिली. मग भाषणाला उभी राहिली, पण बोलली मुलांशी नाही, शिक्षकांशी.

म्हणाली, "मी शाळेत असताना माझा दम टिकायचा नाही. पहिल्याच चढाईत पकडली जायचे. सगळ्या मुली घरी गेल्या की आमचे सर माझ्या एकटीसाठी मैदानावर थांबायचे. म्हणायचे, चांगल्या खेळतात त्यांना मी काय शिकवणार? माझी गरज तुला आहे." मग थांबून तिने विचारलं, "तुमच्याकडे अशा मुलांसाठी कोण थांबतं?"

कुणीही हात वर केला नाही. सेल्फीसाठी मात्र नंतर सगळे धावले... हे बघून मला पुन्हा संताप आला.

पण त्या आठवड्यात कोमल एक दिवस उशिरा घरी आली. गणिताचे तरुण सर शाळा सुटल्यावर तिच्यासारख्या कच्च्या मुलींसाठी थांबले होते. आता रोज थांबतात. अपूर्णांक समजावायला केळ्याची फणी आणतात, एकेक केळं तोडून वाटतात. फणी अर्थातच आमच्या शेतातून जाते. परवा कोमलने जेवताना भाकरीचे तुकडे करून आजीला हिशोब समजावला. मी तोंड फिरवून पाणी प्यालो.

बाकीचे शिक्षक सरांना टोमणे मारतात, "क्या सर, नॅशनल टीम बना रहे हो?" लाज नाही वाटत? एक परकी मुलगी येऊन सांगून गेली तेव्हा एकाला जाग आली, बाकीचे अजून झोपलेलेच!

आता मोठे सर म्हणतात, एकट्या सरांच्या भरवशावर मुलींना थांबवता येणार नाही, सोबत आणखी कुणी शिकलेलं माणूस द्या, नाहीतर वर्ग बंद. मी रोज जाऊन बसायला तयार आहे, पण माझी शाळा पाचवीत सुटली. अपूर्णांकात मीच अडकतो.

तुमच्यात रिटायर शिक्षक आहेत, आपल्या शनवारा भागात राहणाऱ्या शिकलेल्या सुना आहेत, नेपानगरची मंडळी आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणी येईल का? कोमल रोज विचारते, "सर उद्या थांबतील ना?"

हो असो की नाही असो... हात जोडतो, पण लवकर कळवा.