उदगीर ते शिकागो, दारापासून

गौरम्मा अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या आणि पुढच्या पाच वर्षांत उदगीरहून शिकागोला चार वेळा जाऊन आल्या. मुलगा मृत्युंजय आणि सून अंबिका, दोघंही तिकडं नोकरीला. आधी सुनेची दोन बाळंतपणं, मग दोन्ही पोरं सांभाळायची. दर खेपेला सहा महिने. त्याआधी वीस वर्षं त्यांनी अंगणवाडीत पोरंच सांभाळली होती. नाही म्हणावं असं कुणाला सुचलं नाही, त्यांनाही नाही.

"एकोणीस तासांचं तर विमान, अव्वा," मृत्युंजय म्हणायचा. "दोहाला बदललं की झालं."

ते एकोणीस तास नुसते हवेतले होते. हैदराबादपर्यंत पाच तास गाडी, तिथं पाच तास बसणं, दोहाला सहा. तपासणीला गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी काढून ट्रेमध्ये ठेवा म्हणायचे, आणि ती परत हातात येईपर्यंत गौरम्मांचा जीव थाऱ्यावर नसायचा. वर गेल्यावर निराळीच पंचाईत. घड्याळ पुढं जायचं, पण खिडकीबाहेरचं ऊन काही हलायचं नाही. संध्याकाळची पूजा कधी करायची, कोणाला विचारणार? पूजेशिवाय जेवायचं नाही, म्हणून शेवटी भूक लागली की त्या डोळे मिटून तळहातावर इष्टलिंग घ्यायच्या. शेजारचा माणूस तेवढा वेळ हात आखडून बसायचा.

चौथ्या खेपेला परतताना पाय इतके सुजले की चप्पल चढेना. हैदराबादला त्या अनवाणीच बाहेर आल्या. घ्यायला आलेल्या गाडीवाल्या नरसिंगनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. वाटेत जहीराबादला उतरून त्यानं पुरुषी मापाची रबरी स्लीपर आणून दिली.

जूनमध्ये मृत्युंजयचा फोन आला. "तिकीट काढू का, अव्वा?"

"मला न्हाई जमायचं आता."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत हाय तशीच हाय. थकले मी."

"एकोणीस तास तर..."

"दारापासून मोज की, बाबा."

मग ऑफिसचं काहीतरी कारण सांगून त्यानं फोन ठेवला. पंधरा दिवस त्याचा फोन नव्हता. गौरम्मा मोबाईल उशाशी घेऊन बसायच्या, पण आपण होऊन लावला नाही.

नंतर फोन केला तो अंबिकानं. धाकट्याला पाळणाघरात घातलं म्हणाली.

"रडतो का लई?"

"चार दिवस रडला. आता जातो." मग ती म्हणाली, "अव्वा, मी गेल्या वर्षीच म्हणत होते पाळणाघराचं. ह्यांनाच पटत नव्हतं."

गौरम्मांनी "बरं" म्हटलं. म्हणजे गेल्या वर्षीचं जाणं टळलं असतं. ह्याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. फोन ठेवून त्या भरदुपारी आडव्या झाल्या. झोप लागली नाही, पण दिवेलागणीपर्यंत उठल्याही नाहीत.